लमेट्याचा थर

जबलपुराहून भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहावयास जाणाऱ्या प्रवाशांचा ओघ वर्षानुवर्षे अखंड वाहत आला आहे. परंतु त्या विख्यात स्थळाच्या जवळच नर्मदेच्या काठी जो लमेटाघाट आहे, तेथे स्नानार्थी आणि भाविक यांच्याखेरीज सहसा कोणी थांबत नाही, आणि जे थांबतात त्यांनाही घाटालगतच्या हिरवट-करड्या वालुकाश्माकडे व त्यावर बसलेल्या ओबडधोबड, गाठाळ चुनखडकाकडे निरखून पाहण्याचे काही प्रयोजन वाटत नाही. संगमरवराचे तेज त्या खडकास नाही, मूर्तिकाराच्या टाकीस तो मानवत नाही, आणि त्याची जाडीही बहुतेक ठिकाणी इतकी बेताची की वरून काळ्या कातळाने दडपलेला हा थर डोंगराच्या कडेला एखाद्या पट्टीएवढाच दृष्टीस पडतो. तरीही १८६० च्या सुमारास मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने या घाटाचे नाव त्या थरास दिले, आणि गुजरातेतील खेडा भागापासून झाबुआ, धार, जबलपूर असे वळण घेत खाली नागपूर-चंद्रपुरापर्यंत जेथे जेथे तो तुटक तुटक उघडा पडला आहे, तेथे तेथे त्याची नोंद आज ‘लमेटा’ याच नावाने होते.

हा थर ज्या काळी साचला, त्या काळी हिंदुस्थान आशिया खंडास जोडलेला नव्हता. आफ्रिकेपासून कधीच विलग झालेले हे भूखंड समुद्रातून उत्तरेकडे सरकत होते, आणि त्याच्या मध्यभागी उथळ नद्या, पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात आटणारी तळी आणि लांबच लांब कोरडी पूरमैदाने पसरलेली होती. नद्यांनी वाळू आणली, तिचा वालुकाश्म झाला. तळ्यांच्या काठच्या मातीत चुन्याचे खडे धरले, त्यांचा गाठाळ चुनखडक झाला. पुढे, आजपासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भूमी ठिकठिकाणी दुभंगून तप्त रसाचे लोटामागून लोट बाहेर पडले आणि ज्यास आपण दख्खनचा काळा पत्थर म्हणतो, ज्याच्यावर सह्याद्रीचे बहुतेक किल्ले उभे आहेत, त्याने ही सारी मैदाने झाकून टाकली. लमेट्याचा थर म्हणजे त्या काळ्या पत्थराखाली सापडलेली अखेरची जुनी जमीन होय. तिच्यावरून जे प्राणी चालले, ज्यांनी तिच्यात अंडी घातली आणि जे तिच्यातच पडून राहिले, ते डायनोसॉरांच्या युगाच्या अगदी शेवटच्या पिढ्यांतील होते. त्यामुळे त्या युगाचा अंत कसा झाला या प्रश्नाचा खल जेथे म्हणून चालतो, तेथे या थराची साक्ष काढावीच लागते.

या साक्षीचा इतिहास मात्र भूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जसा सरळ दिसतो तसा नाही. पगारी भूशास्त्रज्ञांपेक्षा भलत्याच खात्यांतील माणसांनी तो अधिक घडविला आहे: एक मुलकी कारभार पाहणारा लष्करी कप्तान, एक शल्यवैद्य, एक टाकसाळीतला अधिकारी, एक पाद्री, एक हिशेबनीस, आणि सर्वांत शेवटी संख्याशास्त्राची एक संस्था. नेमून दिलेले काम सांभाळून उरलेल्या वेळात या मंडळींनी दगड फोडले. आणि त्यांनी जमविलेल्या हाडांचे पुढचे भवितव्य ज्यांच्या हाती गेले, ती सरकारी दप्तरे व कोठारे होती. या दोन्ही गोष्टींचे बरेवाईट परिणाम आज दीड-दोनशे वर्षांनंतरही निस्तरावे लागत आहेत.

जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलातून १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८२८ मध्ये, तेथील कारभार पाहणाऱ्या कॅप्टन विल्यम स्लीमन याला छावणीजवळच्या बडा शिमला नावाच्या टेकडीच्या अंगाला काही प्रचंड अश्मीभूत हाडे मिळाली. हाच तो स्लीमन, ज्याचे नाव पुढे ठगांच्या बंदोबस्ताशी कायमचे जोडले गेले. त्या वर्षी ‘डायनोसॉर’ हा शब्दही जगात नव्हता; तो रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये घडविला. इंग्लंडात बकलंडने अशा जातीच्या पहिल्या प्राण्याचे वर्णन छापून अवघी चार वर्षे झाली होती. अर्थात आपल्या हाती काय लागले आहे हे स्लीमनला कळणे शक्यच नव्हते. पण ते जपून ठेवण्याजोगे आहे एवढे त्याला कळले, आणि त्या काळच्या अंमलदारांत जी एक चौकस, सर्वसंग्राहक वृत्ती होती तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. त्याने दोन मणके स्पिल्सबरी या शल्यवैद्याच्या स्वाधीन केले, स्पिल्सबरीने स्वतः खणून आणखी एक हाड मिळविले, आणि १८३२ मध्ये ही सामग्री कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे रवाना झाली. प्रिन्सेप हा टाकसाळीतील अधिकारी. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी त्याने पुढे १८३७ च्या सुमारास उलगडली. अक्षरे असोत की हाडे, या देशातून सापडणारी प्रत्येक न वाचता येणारी गोष्ट त्या काळी त्याच एका टेबलावर येऊन पडत असे.

हाडे मात्र तेथे तशीच राहिली. १८६२ मध्ये भूसर्वेक्षण खात्याचा प्रमुख थॉमस ओल्डहॅम याने ती खात्याच्या संग्रहात आणविली, आणि रिचर्ड लायडेकर याने १८७७ मध्ये शेपटीच्या त्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या प्राण्याचे नामकरण केले. हिंदुस्थानात मिळालेल्या डायनोसॉरास शास्त्रीय नाव मिळण्याचा हा पहिला प्रसंग. ते नाव इतके रूढ झाले की पुढे दक्षिण अमेरिकेपासून युरोपापर्यंत जेथे कोठे तशा घाटाचे, लांब मानेचे, शाकाहारी प्रचंड प्राणी सापडले, त्या सर्वांचे कूळ टायटॅनोसॉर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. गंमत अशी की, कुळास नाव देणारा हा मूळपुरुषच पुढे बेपत्ता झाला. मणके कोणत्या कपाटात, कोणत्या क्रमांकाखाली गेले हे कोणास सांगता येईना, आणि विसाव्या शतकात त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना जुन्या चित्रांवर व वर्णनांवर भागवावे लागले. २००३ मध्ये तर दोन पाश्चात्य अभ्यासकांनी, ज्या लक्षणांवरून लायडेकरने हा प्राणी वेगळा ठरविला ती आता सबंध कुळातच आढळतात, तेव्हा या नावास शास्त्रीय आधार उरत नाही, असा निवाडाही दिला. मूळ मणका सापडला तो त्यानंतर, २०१२ च्या एप्रिल महिन्यात. आणि तोही कोणा टेकडीवर नव्हे, तर कलकत्त्यास भूसर्वेक्षण खात्याच्याच संग्रहात, धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी जुन्या नमुन्यांची झडती घेत असता. वस्तू दप्तरदाखल झाली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे मानणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी. आणि दप्तरदाखल झाली नसती तर ती पुन्हा सापडलीही नसती, हेही तितकेच खरे.

बडा शिमल्याच्या टेकडीकडे पुन्हा कोणाचे नीट लक्ष गेले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. टेकडीच्या परिसरात १९०४ पासून तोफांचे गाडे तयार करणारा सरकारी कारखाना सुरू झालेला होता, आणि सरकारी हिशेबखात्याच्या कामानिमित्त चार्ल्स मॅटले हा गृहस्थ जबलपुरास आलेला होता. जमाखर्चाच्या वह्या तपासणे हा त्याचा व्यवसाय आणि भूशास्त्र हा त्याचा व्यासंग; परंतु व्यासंगातही त्याची हिशेबी दृष्टी सुटली नाही. १९१७ ते १९१९ या काळात भूसर्वेक्षण खात्याच्या दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांच्या साहाय्याने त्याने त्या उतारावर पद्धतशीर खोदकाम केले. हाड कोणत्या पातळीत, कोणत्या खडकात, कोणत्या हाडाशेजारी मिळाले, याची नोंद ठेवण्याची जी शिस्त त्याने घालून दिली, ती त्याच्यापूर्वी या टेकडीवर कोणी पाळली नव्हती. एका ठिकाणी तर लहानमोठ्या अनेक मांसाहारी प्राण्यांची हाडे एकत्र मिसळलेली निघाली, आणि तेथून पुढे पेच सुरू झाला.

पेच असा की, अशा कालवलेल्या ढिगातून कोणते हाड कोणाचे हे ठरवायचे कसे? मॅटलेने त्या ढिगातील काही हाडे आणि काही कवचाचे तुकडे एकाच प्राण्याचे समजून ‘लमेटासॉरस’ नावाचा एक कवचधारी डायनोसॉर उभा केला. १९३५ मध्ये चक्रवर्ती या अभ्यासकांनी त्यावर सरळ आक्षेप घेतला: कवच असेल कोणा एकाचे, पण पायाची व कमरेची हाडे निःसंशय मांसाहारी प्राण्याची आहेत. आज सर्वसाधारण मत असेच आहे की, लमेटासॉरस हा कोणी एक प्राणी नव्हेच. निरनिराळ्या खातेदारांच्या रकमा एकाच नावावर जमा झाल्यामुळे तो निर्माण झाला. हिशेबनिसाच्या हातून असे व्हावे यात एक प्रकारचा दैवदुर्विलास आहे, परंतु त्याबद्दल त्याला फार दोष देण्याचे कारण नाही. टायटॅनोसॉरांच्या काही जातींनाही अंगावर अस्थिमय कवचाचे गोळे असत, हे त्या वेळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

मॅटलेने जमविलेल्या सामग्रीचे सविस्तर वर्णन जर्मनीतील ट्यूबिंगेनचा पंडित फ्रीडरिख फॉन ह्यूने याने त्याच्यासह १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. इंडोसॉरस, इंडोसुकस, लीव्हिसुकस, जबलपुरिया अशी एकामागून एक नावे त्या ग्रंथातून बाहेर पडली, आणि मध्यप्रांतातील एका छावणीशेजारची टेकडी जगाच्या नकाशावर आली. हाडे काही लंडनला गेली, काही कलकत्त्यास राहिली. राहिलेल्यांपैकी अनेकांचा पुढे थांगपत्ता लागेनासा झाला. आज ज्यास त्या प्राण्यांचा अभ्यास करावयाचा असेल, त्यास कित्येक बाबतींत ह्यूनेच्या ग्रंथातील आकृत्या ह्याच मूळ वस्तूच्या जागी मानाव्या लागतात.

पश्चिमेकडील लमेट्याची कथा अगदी अलीकडची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगून पुढे जातो. गुजरातेतील बालासिनोरजवळच्या रैयोली गावी १९८१-८२ च्या सुमारास हाडांचा आणि अंड्यांचा मोठा ठेवा उघडकीस आला. तेथील हाडांवरून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा मांसाहारी डायनोसॉर २००३ मध्ये वर्णिला गेला. आणि जवळच्याच एका घरट्यात अंड्यांभोवती वेटोळे घातलेल्या सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या सर्पाचा सांगाडा ओळखला जाऊन २०१० मध्ये त्यास ‘सानाजे’ हे नाव मिळाले. अंडी फोडून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या पिल्लांवर टपून बसलेला तो सर्प वाळूच्या एखाद्या लोंढ्याने जागच्या जागी गाडला गेला असावा. धार जिल्ह्यात पाडल्या व आसपासच्या गावी शेतात सापडणारे वाटोळे दगड शेतकरी कुलदैवत म्हणून पूजीत आले, आणि ते अंडी आहेत असे भूशास्त्रज्ञांनी ओळखले, ही वार्ता २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून सर्वदूर झाली. शेताचा व गुराढोरांचा राखणदार म्हणून पूजिलेल्या त्या गोट्यांना निदान शेंदराचा आणि नारळाचा मान मिळत होता. संग्रहालयाच्या पेटीत क्रमांक लावून पडलेल्या हाडांस सदासर्वकाळ तेवढाही मिळालेला नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळावे. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य अद्याप खालसा झाले नव्हते, त्या काळात, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री नागपुरास आला. त्याने मराठी शिकून घेतली, शाळा काढली, गोंडांची गीते व कथा त्यांच्याच भाषेत लिहून घेतल्या, आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह शहराबाहेरच्या टेकड्या पायाखाली घातल्या. टाकळी येथे काळ्या पत्थराच्या दोन लोटांमध्ये सापडलेल्या थरात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख, बिया आणि फळे यांचे अवशेष मिळाले. त्या गोगलगाईंपैकी एका जातीस अगोदरच प्रिन्सेपचे नाव मिळालेले होते. नागपूर परिसराच्या भूरचनेवर या दोघांनी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धर्मप्रसाराच्या कार्यात हिस्लॉपला कितपत यश आले, हे ज्याने त्याने आपल्या मतानुसार ठरवावे. पण विदर्भाच्या खडकांचा पहिला खरा वाचक तोच, याविषयी दुमत होण्याचे कारण दिसत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा हे गाव आहे. तेथे लमेट्याचा थर लालसर मातीच्या रूपाने उघडा पडला आहे, आणि त्यातील हाडांचे तुकडे, कासवांची कवचे व शंख नांगराच्या तासात वर येतात. हिस्लॉपने हे स्थळ शोधले, तेथील अवशेषांची जबलपूरच्या हाडांशी सांगड घातली, आणि त्यावरील त्याचे टिपण १८६४ मध्ये छापून आले. ते पाहण्यास तो हयात नव्हता. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासह टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात तो बुडून मृत्यू पावला. त्याने गोळा केलेली गोंडी सामग्री टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात १८८३ पासून चालू आहे, आणि तेथे शिकलेल्या हजारो विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना तो दगड गोळा करीत हिंडत असे हे ठाऊक असेल.

पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगावास मात्र शंभराहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्याच्या आपल्या संख्याशास्त्र संस्थेत १९५७ मध्ये भूशास्त्राची शाखा उघडली आणि लंडनहून पामेला रॉबिन्सन या विदुषींना निमंत्रण दिले. संख्याशास्त्रज्ञांना हाडांचे काय सोयरसुतक, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल; महालनोबिसांना तो पडला नाही, कारण मोजता येईल अशी प्रत्येक वस्तू त्यांच्या मते त्यांच्याच क्षेत्रातील होती. या शाखेने प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस हा लमेट्याहून कितीतरी जुन्या काळचा प्रचंड प्राणी शोधून काढला, आणि पुढे १९८४ ते १९८६ या काळात सोहनलाल जैन यांच्या चमूने डोंगरगावच्या टेकडीवर एका टायटॅनोसॉराचा सांगाडा खणून काढला. डोके आणि मागचे पाय नसले तरी मान, धड, पुढचे अवयव आणि शेपटी यांचे मणके व हाडे एकाच प्राण्याची, जागच्या जागी, अशी मिळाली. जबलपूरच्या ढिगातील भेसळीनंतर हा केवढा मोठा दिलासा होता, हे त्या क्षेत्रातल्या माणसांनाच कळेल. जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि २००३ मध्ये त्यास संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. आखूड, उंच मान आणि लांब पुढचे पाय असलेला हा वैदर्भी प्राणी आपल्या कुळात थोडा विचित्रच दिसत असावा.

पिसदुऱ्यात हाडांच्या जोडीला आणखी एक वस्तू विपुल सापडते, आणि ती म्हणजे प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा. तिचे लहानमोठे गोटे हिस्लॉपच्या काळापासून ठाऊक आहेत. मॅटलेने १९३९ मध्ये त्यांवर एक स्वतंत्र लेखही लिहिला आणि त्यांचे आकार, वळणे व पीळ यांची प्रतवारी लावून ते कोणाचे असावेत याचा विचार केला. हे गोटे विरघळवून त्यांच्या आत काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, त्यांचे सहकारी हबीब अलिमोहम्मदियन, अशोक साहनी आणि स्वीडनमधील कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग यांनी केले, व त्यांचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतींच्या पेशींत सिकतेचे अतिसूक्ष्म कण साचतात आणि कुळाकुळाप्रमाणे त्यांचे आकार भिन्न असतात. विष्ठेतील कणांत ताड, सूचिपर्णी वृक्ष व इतर वनस्पती यांच्याबरोबर गवताच्या निदान पाच प्रकारांचे कण आढळले. गवत हे डायनोसॉरांच्या अस्तानंतर फैलावले, असे तोवर सर्वत्र शिकविले जात होते, आणि डायनोसॉरांच्या चित्रांत जमिनीवर गवत काढणाऱ्या चित्रकारांस अभ्यासक हसत असत. पिसदुऱ्याच्या गोट्यांनी ते हसू मावळविले. २०११ मध्ये त्याच सामग्रीवरून भाताच्या निकटच्या गणगोताचे कणही ओळखले गेले. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग आजही भातशेतीचा आहे. पिसदुरा ज्या वरोरा तालुक्यात येते तेथे मात्र कापूस आणि सोयाबीन पिकते, आणि लमेट्याची लाल माती त्याच पिकांच्या मुळाशी नांगरली जाते.